पाच पॉइंट दहा

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विहारातल्या मंडळींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि भिवंडीत आपली गाठ पडायची शक्यता कमी. भित्र्या माणसाला अशी सोय लागते. मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला नवल वाटायला नको.

सुरुवात वैशालीपासून करायला हवी. पण तिचं नाव घेतलं की माझी गाडी अडते. म्हणून आधी प्रोग्रामचं सांगतो — त्याची लाज जरा कमी वाटते.

दोन हजार पाच-सहाचा काळ. दापोड्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. हमाल लोक मला ‘कंप्यूटरवाले भाई’ म्हणायचे आणि पंखा बंद पडला तरी मलाच बोलवायचे. कुठला बॉक्स कुठल्या रॅकवर, किती वजनाचा, हे ब्राउझरमध्ये दिसावं म्हणून मी एक छोटी साइट लिहिली होती. शोधायला बटणं वगैरे काही नव्हती. अट थेट वरच्या पत्त्याच्या ओळीतच लिहायची. प्रश्नचिन्ह, मग रकान्याचं नाव, मग लहान-मोठ्याचं चिन्ह, मग आकडा. ‘?vajan>=25’ लिहिलं की पंचवीस किलो आणि त्यावरचे सगळे बॉक्स समोर. चिन्हं शाळेतलीच, त्यामुळे सुपरवायझरलाही जमायचं.

ती ओळ फोडून घेताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला होता. सगळे जण ती बरोबरच्या चिन्हापाशी, म्हणजे ‘=’ पाशी, तोडतात. तशी तोडली की ‘मोठं’चं चिन्ह नावालाच चिकटून राहतं, आणि प्रोग्राम ‘vajan>’ नावाचा रकाना शोधत बसतो. असा रकाना नसतोच. नुसतं ‘मोठं’ लिहिलं तर तोडायला बरोबरचं चिन्ह सापडतच नाही. त्यात काही ब्राउझर त्या चिन्हाच्या जागी टक्क्याची खूण आणि भलतंच काहीतरी पाठवायचे. तीन आठवडे मी त्या चिन्हांच्या मागं होतो. शेवटी सगळी चिन्हं नीट वेगळी निघाली, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना माझ्या पैशानं कटिंग पाजली. चिन्हाच्या पुढचा आकडा? त्याच्याकडं मी पाहिलंच नाही. आकडा तो आकडा, त्यात काय बघायचं? बॉक्सांच्या बाबतीत ते खरंही होतं. पाच पॉइंट दहा किलो म्हणजे पाच पॉइंट एक किलोच.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे वैशालीचे वडील. लूमच्या कारखान्यात हयात घालवलेला माणूस, कानानं थोडा अधू, बोलणं मोठ्यानं. तसं भिवंडीत सगळेच मोठ्यानं बोलतात. बाहेर लूमची खटखट चालू असते, काय करणार? आमच्या विहारात दर रविवारी आबा वधूवरांची वही घेऊन बसायचे. आपल्या समाजातली मुलं-मुली, कुणाचं शिक्षण काय, नोकरी काय, सगळं त्या वहीत. लांबलांबून लोक यायचे. वही जीर्ण झाली तेव्हा मंडळींनी मला विचारलं, हे कॉम्प्युटरवर करशील का? मी गोडाऊनमधला जुना कॉम्प्युटर मागून आणला आणि बॉक्सांची साइट माणसांना लावली. वजनाच्या जागी वय आणि उंची. आठ दिवसांत काम झालं. माझं कौतुक झालं, शाल मिळाली.

आबांसाठी मी एक कागद लॅमिनेट करून स्क्रीनशेजारी चिकटवला होता. त्यावर तयार ओळी होत्या, आबांनी फक्त आकडे बदलायचे. ‘vay<=28&unchi>=5.2’ — अठ्ठावीसपर्यंत वय, पाच-दोन किंवा त्यावर उंची. मुलींचे फोटो इंटरनेटवर टाकायला तेव्हा कुणी तयार नव्हतं, म्हणून फोटो नाहीत. आणि यादीच्या प्रिंटवर उंचीचा रकानाही मी ठेवला नव्हता. उंचीची अट आधीच घातलीय, मग परत छापायची कशाला? नाव, वय, शिक्षण, वडिलांचा फोन, एवढं पुरे. मुलांची उंची तर कुणी अटीत घालतच नसे. मुलाला नोकरी विचारतात, उंची मुलीला.

आबांना ती साइट फार आवडली. ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, “ह्याच्याकडं वशिला न्हाय. आट टाकायची, जो बसंल तो येतो.” त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. खुर्चीत बसलेल्या माणसानं घरचा फॉर्म पुढं सरकवायचा नाही. लग्नाची मुलगी घरात असताना हा माणूस दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलींच्या याद्या छापून द्यायचा, आणि आपल्या मुलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. यादीत तिचं नाव आलं तर येईल, एवढाच त्यांचा हिशेब.

वैशाली पाच फूट दहा इंच उंच होती.

लहानपणी आम्ही विहारात एकाच चटईवर बसायचो. पोरं तिला टॉवर म्हणायची, मीही म्हणायचो. तिला राग यायचा नाही. ती आणखी ताठ व्हायची, मुद्दाम. पुढं ती मानकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये स्टॉक तपासायच्या कामाला लागली. वरच्या फळीवरचं लेबल वाचायला बाकीचे स्टूल ओढत आणायचे, ती नुसती टाचा उचलायची. मी पाच-चार आहे. हे सांगायची गरज आहे का? आहे. पुढं कळेल.

आता तुम्ही हुशार असाल तर तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्याकडं उंची कशी लिहितात? पाच फूट सहा इंच म्हणजे पाच पॉइंट सहा. पाच फूट दहा इंच म्हणजे पाच पॉइंट दहा. आणि माझ्या प्रोग्रामला पाच पॉइंट दहा म्हणजे पाच पॉइंट एक. ज्यांना उंच मुलगी हवी त्यांच्या यादीत वैशाली कधीच येत नव्हती. ज्यांना ठेंगणी हवी, पाच-दोनच्या आतली, त्यांच्या यादीत मात्र तिचं नाव बिनचूक छापून जायचं.

ही चूक झाली, ती मी मुद्दाम केलेली नव्हती. इथवर माझा अपराध नाही, असं म्हणता येईल. म्हणूनच इथवर मी भराभर सांगू शकलो.

वर्षभरात तीन स्थळं तिला बघायला आली. तिन्ही मुलं पाच-दोन, पाच-तीनची. लोक नाव वाचायचे, फोन करायचे, यायचे. उंची आधी कोण विचारणार, ती तर अटीत घातलेलीच. वैशाली पोहे घेऊन बाहेर यायची, आणि सगळ्यांचे चेहरे वर व्हायचे. तिसऱ्या वेळी मुलाची मावशी हसत म्हणाली की हार घालायला आमच्या पोराला स्टूल लागेल. घरातले सगळे हसले, वैशालीही हसली म्हणे. हे मला तिच्या आईनं सांगितलं. सांगताना त्या माउलीनं पदरानं ताट पुसलं, पुसलेलंच ताट परत पुसलं.

त्यानंतर आठवड्याभरात वैशालीनं मला मानकोली नाक्यावर गाठलं. संध्याकाळी आम्ही दोघंही तिथूनच शेअर रिक्षा धरायचो. तिनं सरळ विचारलं, “मिलिंद, माझा फॉर्म फक्त बुटक्यांकडंच कसा रे जातो? उंच मुलं नाहीतच का आपल्यात?” हसतच विचारलं. मी म्हणालो, उद्या बघून सांगतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पाच-सहाच्या वरची यादी काढली. ती नव्हती. पाच-दोनच्या आतली काढली. ती होती. शोधायला पाच मिनिटं लागली नाहीत. मी खुर्चीत मागं टेकलो आणि मला बरं वाटलं.

हो. बरं वाटलं. कारण मला ती आवडायची. चटईवर बसायचो तेव्हापासून. मी तिला कधी बोललो नव्हतो. पाच-चारच्या माणसानं पाच-दहाच्या मुलीला काय विचारायचं? लोक काय म्हणतील, स्टूलवाला विनोद माझ्यावरही होईल, याचीच मला भीती. आणि इथं स्क्रीनवर दिसत होतं की ज्यांची मला धास्ती होती, त्या उंच, देखण्या, नोकरीवाल्या मुलांपर्यंत तिचं नावच पोचत नव्हतं. ती अजून इथंच होती. नाक्यावर, रिक्षात, रविवारी विहारात. मी काही न करताच ती इथं राहत होती.

संध्याकाळी नाक्यावर मी तिला म्हणालो की साइट बरोबर आहे. तुझा फॉर्म सगळ्यांकडं जातो. उंच मुलांकडंही जातो.

“मग ते का येत नाहीत?”

मी खांदे उडवले. तुम्हाला कळतंय ना, त्या खांदे उडवण्यानं मी तिला काय सांगितलं? की त्यांनी तुझा फॉर्म पाहिला आणि नको म्हटलं. ती ‘बरं’ म्हणाली. रिक्षा आली, ती नेहमीसारखी वाकून आत बसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, की घरापाशी उतरल्यावरही ती तशीच थोडी वाकून चालत गेली.

इथं थांबता आलं असतं. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी दुरुस्त केलं, असं सांगता आलं असतं. पण मला झोप लागली.

मग तो रविवार. एक नवरा-बायको आले होते, मुलगा सहा फूट, सरकारी नोकरी. बाई म्हणाल्या, मुलगी उंच हवी, पाच-सहाच्या पुढं, बाकी आमची काही अट नाही. मी बाजूला प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. आबांनी चष्मा लावला, कागदावरची ओळ बघत एकेक अक्षर टाइप केलं, आकडा बदलला. यादी आली. आबा ती वाचू लागले, वरून खाली. शेवटच्या नावापर्यंत गेले. मग परत वर गेले आणि परत खाली आले. प्रिंट काढली, त्या जोडप्याच्या हातात दिली, चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेले.

ते दोघं दिसेनासे झाल्यावरच ते माझ्याकडं वळले. त्यांच्यासमोर विचारलं असतं तर ते घरचा फॉर्म पुढं सरकवणं झालं असतं ना?

“मिलिंदा, आमच्या वैशूचा फॉर्म हाय ना रं ह्यात?”

मी म्हणालो, आहे की. पण जुने फॉर्म मागं जातात, आबा. वर्ष झालं की मागं जातात. तोंडाला आलं ते बोललो. त्यांनी मान डोलवली. कॉम्प्युटरचं मला जास्त कळतं, असा त्यांचा विश्वास होता. शाल त्यांनीच दिली होती मला.

“मग नवा भर,” ते म्हणाले.

मी बसलो. ते माझ्या मागं उभे राहून सांगत होते, मी टाइप करत होतो. नाव. वय. शिक्षण. उंचीपाशी आलो. आबांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

“उंची पाच-धा.”

मला सगळं माहीत होतं. पाच-नऊ लिहिलं असतं तरी भागलं असतं. एका इंचानं काय बिघडणार होतं? पुढच्या रविवारपासून ती प्रत्येक यादीत आली असती. किंवा म्हणता आलं असतं, थांबा आबा, इथं माझी एक चूक आहे, पाव तासात नीट करतो. आबा रागावलेही नसते. पाच, पॉइंट, एक, शून्य — मी चार बटणं दाबली. चुकून नाही, सवयीनं नाही. कळून दाबली. जे सांगायला मी बसलोय ते हेच आहे. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूचं.

आबांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं, बरोबर आहे म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

त्या जोडप्याच्या मुलाचं लग्न त्याच यादीतल्या एका मुलीशी झालं. पत्रिका विहारात आली. आबा लग्नाला जाऊन आले, जेवण चांगलं होतं म्हणाले. यादी दिली त्याच आठवड्यात आबांना त्या जोडप्याला फोन करून सांगता आलं असतं की आमची मुलगी पाच-दहा आहे. नियम मोडायला हवा होता त्यांनी, असं मला कधी कधी वाटतं. आणि मग माझी मलाच शरम वाटते, की त्यांचा नियमच मला सगळ्यात सोयीचा पडला.

सहा महिन्यांनी वैशाली रविवारी स्वतः आली. आबा बाहेर चप्पल काढत होते तेवढ्यात मला म्हणाली, माझा फॉर्म काढून टाक, आता नको. मी का म्हणून विचारलं नाही. काढून टाकला. त्यानंतर चौथ्या दिवशी मी प्रोग्राम दुरुस्त केला. आकडा पॉइंटपाशी तोडायचा, फुटांना बारानं गुणायचं, इंच मिळवायचे, मग तुलना करायची. चार ओळी. आता ती कुणालाच दिसणार नव्हती, तेव्हा प्रोग्राम बरोबर करायला माझी हरकत नव्हती.

एवढं करून मी तिला विचारलं तरी का? नाही. मी तिला धरून ठेवलं, आणि घेतलंही नाही. दोन वर्षांनी त्याच साइटवर मी माझ्यासाठी ओळ टाइप केली, उंची पाच-दोनच्या आत. चांगली बायको मिळाली. लग्नात वैशाली आली होती. फोटोला तिला पुढं बोलावलं तर ती मागच्या रांगेत गेली आणि तिथंही गुडघे जरा वाकवून उभी राहिली. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे.

आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी भेटायला जायचो. बोलणं तुटक झालं होतं. एकदा वैशाली औषध आणायला बाहेर गेली होती, तेव्हा ते छताकडं बघत म्हणाले, “एवढ्या याद्या दिल्या रं मी... आमच्या पोरीला कुनी निवडलीच न्हाय.” मी त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा तरी सांगायचं ना? खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी पांघरूण नीट केलं आणि म्हणालो, आबा, जास्त बोलू नका. महिन्याभरात ते गेले. खांदा द्यायला मी पुढं होतो.

त्यांच्या मागं रविवारच्या खुर्चीत वैशाली बसू लागली. मंडळींनी तिला गळ घातली, आबांचं काम तूच पुढं ने. ती फॉर्म भरून घ्यायची, याद्या छापायची, आणि प्रिंटर अडकला की मला हाक मारायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी एक बाई आपल्या पुतण्यासाठी आल्या. मुलगा उंच, मुलगी पाच-सहाच्या वरची हवी. वैशालीनं ओळ टाइप केली. यादी आली आणि ती वाचता वाचता थांबली.

सहावं नाव एका मुलीचं होतं, जिचा फॉर्म वैशालीनंच मागच्या आठवड्यात भरून घेतला होता. तिनं त्या नावावर बोट ठेवलं. बाहेर लूम चालू होते.

“ही पाच-दहा आहे,” ती म्हणाली. “हिचं नाव येतं.”

मी ‘हो’ म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखादी जुनी गोष्ट आठवत असल्यासारखं. त्या सहा फुटी मुलाच्या यादीत तिचं नाव नव्हतं, हे आबांनी तेव्हा घरी सांगितलं असणार. मी प्रिंटरचं झाकण उघडलं आणि आत नसलेला अडकलेला कागद शोधू लागलो. पाठीमागं तिनं प्रिंट काढली, पेन घेतलं आणि सहाव्या नावाखाली रेघ मारली. आबांनी असं कधीच केलं नसतं. मग ती त्या बाईंना म्हणाली, “ही मुलगी नक्की बघून या. उंच आहे, ताठ चालते.”

त्यानंतर तिनं मला त्या विषयावर काही विचारलं नाही. प्रिंटर अडकला की हाक मारायची, तेही बंद झालं. आता स्वतःच काढते. तिला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच: तिला कुणी नाकारलं नव्हतं. तिचं नाव त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. ते मी थांबवलं होतं.